जादू कोठे थांबते : 'सौभद्र', 'मायाबझार' आणि समीक्षेची अढी

१

शृंगार, हास्य आणि अद्भुत यांच्या मिश्रणातून सिद्ध होणाऱ्या हलक्याफुलक्या सुखात्मिकांविषयी आपल्या समीक्षेने बहुतांशी मौन पाळले आहे. ते सुटते तेव्हा दोनच शब्द कानी पडतात : 'पलायन' आणि 'स्मरणरंजन'. म्हणजे या कृती एकतर वास्तवाकडे पाठ फिरवतात, किंवा त्या आवडणारा रसिक आपल्या हरवलेल्या बालपणाला कुरवाळत असतो. दोन्ही निर्णय कृतीत न शिरता देता येतात, हीच त्यांची सोय आहे. आणि सोय ही समीक्षेची कसोटी नसल्यामुळे त्यांची झाडाझडती घेणे आवश्यक आहे.

स्मरणरंजनाचा मुद्दा प्रथम घेऊ. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत सौभद्र' १८८२ मध्ये पुण्याच्या रंगभूमीवर आले. के. व्ही. रेड्डी यांचा 'मायाबझार' हा तेलुगू चित्रपट १९५७ मध्ये प्रदर्शित झाला आणि त्याच वर्षी त्याची तमिळ आवृत्तीही आली. २०१० मध्ये मूळ कृष्णधवल तेलुगू चित्रपट रंगीत करून पुन्हा चित्रपटगृहांत लावला गेला. स्मरणरंजनाने एका पिढीची आवड समजावून देता येईल. जी पिढी त्या काळात जन्मलीच नव्हती तिने कशाचे स्मरण करावे? आणि १८८२ च्या पहिल्या प्रेक्षकाचे काय? त्याला ते नाटक जुने नव्हते, पण त्यातील द्वारका त्याच्याही काळापासून तितकीच दूर होती. टिकाऊपणाचे कारण प्रेक्षकाच्या वयात नव्हे, कृतीच्या रचनेतच शोधले पाहिजे.

पलायनाचा आरोपही फार टिकत नाही. 'मायाबझार'मधील पेच कोणत्या स्वप्नभूमीतला आहे? शशिरेखा ही बलरामाची कन्या. तिचा विवाह अभिमन्यूशी ठरलेला असतो. पांडव द्यूतात सर्वस्व गमावतात आणि मुलीची आई रेवती या सोयरिकीकडे पाठ फिरवते. दुर्योधन आपल्या पुत्रासाठी, लक्ष्मणकुमारासाठी, मागणी घालतो आणि बलराम शब्द देऊन मोकळा होतो. आश्रयाला आलेल्या सुभद्रेला माहेरीच अपमान गिळावा लागतो. मुलाच्या घरची दौलत गेली म्हणून ठरलेले लग्न मोडणे, हे ज्याला पलायन वाटते त्याने लग्नाची बोलणी कधी जवळून पाहिलेली नाहीत, असेच म्हणावे लागेल.

२

'सौभद्र' आणि 'मायाबझार' यांना शेजारी ठेवण्याचे कारण केवळ लोकप्रियता नव्हे. दोन्हींचा आकृतिबंध जवळजवळ एकच आहे. बलराम दुर्योधनाच्या भिडेस पडून घरातील मुलगी त्या कुळात देऊ करतो. मुलीचे मन अन्यत्र जडलेले असते. कृष्ण थोरल्या भावाशी उघड वैर न घेता डाव रचतो आणि घटोत्कचाच्या सामर्थ्याने तो तडीस जातो. एका कथेत सुभद्रा आणि अर्जुन, दुसरीत पुढच्या पिढीतील भाची आणि सुभद्रेचा पुत्र. मराठी परंपरेने हीच भाची 'वत्सला' या नावाने ओळखलेली आहे. व्यासांच्या महाभारतात मात्र तिचा पत्ता नाही. तेथे अभिमन्यूची पत्नी विराटकन्या उत्तरा होय.

सुभद्रा महाभारतात आहे, आणि तेथील कथा किर्लोस्करांच्या कथेहून किती भिन्न आहे हे पाहण्यासारखे आहे. आदिपर्वात अर्जुन रैवतकाच्या उत्सवात सुभद्रेला पाहतो आणि मोहित होतो. कृष्ण त्याला सांगतो की स्वयंवराचा भरवसा नाही, क्षत्रियाने बळाने कन्या हरण करणे हे प्रशस्त मानलेले आहे. युधिष्ठिराची अनुमती आणवली जाते. यादव खवळतात, बलराम संतापतो, कृष्ण त्यांची समजूत घालतो. या साऱ्या व्यवहारात ज्याला त्याला विचारले जाते. विचारले जात नाही ते एकट्या सुभद्रेला. किंबहुना स्वयंवर टाळायचे ते तिच्या कौलाची खात्री नाही म्हणूनच.

किर्लोस्करांनी नेमका येथे हात घातला. त्यांची सुभद्रा नाटकाच्या आरंभापासून अर्जुनावर अनुरक्त आहे. दुर्योधनाशी ठरलेला विवाह तिला नको आहे आणि हे प्रेक्षकाला ठाऊक आहे. महाकाव्यात जे हरण होते ते नाटकात सुटका होते. घटना तीच, पण तिच्या मध्यभागी एका मुलीची इच्छा आणून ठेवल्याबरोबर वीररसाची जागा हास्य आणि शृंगार घेतात. बळजबरीला विनोदी करता येत नाही, संमतीला येते.

'सौभद्र' ज्या वर्षी रंगभूमीवर आले त्याच १८८२ मध्ये ताराबाई शिंदे यांची 'स्त्रीपुरुषतुलना' प्रसिद्ध झाली. दोनच वर्षांनी मुंबईत दादाजी भिकाजी यांनी रखमाबाईंविरुद्ध दावा लावला. अजाण वयात, आपल्या संमतीवाचून लागलेल्या लग्नाचे बंधन मानून नांदायला जाण्यास रखमाबाईंनी नकार दिला होता. १८८७ मध्ये न्यायालयाने त्यांना नांदायला जा किंवा सहा महिने तुरुंगात जा असे सांगितले. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली. या तिन्हींमध्ये कार्यकारणसंबंध आहे असा माझा दावा नाही. नाटकाने समाज सुधारला असेही नाही. पण ज्या काळात मुलीची संमती हा न्यायालयालाही अनाकलनीय वाटणारा प्रश्न होता, त्या काळात एक रंजनपर नाटक त्या संमतीला गृहीत धरून उभे राहते आणि सनातनी व सुधारक दोघेही मांडीला मांडी लावून त्याचा आनंद लुटतात, ही गोष्ट 'पलायन' या शब्दात मावत नाही.

अर्थात यात मर्यादाही आहेत. सुभद्रेची इच्छा प्रमाण मानली जाते, पण डावपेच तिच्यापासून लपवले जातात. संन्याशाच्या वेषातील अर्जुनाची सेवा ती करते, तेव्हा तो कोण हे तिला ठाऊक नसते. तिचे मन सर्वांना कळते, कारस्थान मात्र तिलाच शेवटी कळते. ही त्रुटी दाखवणारी स्त्रीवादी समीक्षा योग्यच बोलते. माझे म्हणणे एवढेच की त्रुटी आणि आकर्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीचा पुरावा देऊन दुसरीचे स्पष्टीकरण दिल्याचा भास निर्माण करू नये.

३

आता 'मायाबझार'मधील अद्भुताकडे बारकाईने पाहू. कृष्णाच्या घरी दोन चमत्कारिक वस्तू येतात. एक 'प्रियदर्शिनी' नावाची पेटी, तिच्यात डोकावणाऱ्याला त्याचे सर्वांत प्रिय ते दिसते. दुसरे 'सत्यपीठ', त्यावर उभा राहणारा खरे तेच बोलतो. शशिरेखेला पेटीत अभिमन्यू दिसतो. शेवटी शकुनी त्या पीठावर उभा राहतो आणि स्वतःच्या तोंडाने कपट ओकतो.

या वस्तू काही निर्माण करीत नाहीत. जे आहे, पण बोलता येत नाही, ते त्या उघड करतात. पेटी प्रेम उत्पन्न करीत नाही, पीठ पश्चात्ताप उत्पन्न करीत नाही. येथील जादू हे खोटेपणाचे नव्हे, खरे बोलण्याचे साधन आहे. घरात वडीलधाऱ्यांपुढे मुलीने मनातले बोलू नये अशी रीत असेल, तर ते बोलण्यासाठी मायावी पेटीच लागणार.

घटोत्कच झोपलेल्या शशिरेखेला पलंगासकट आकाशमार्गे उचलून नेतो, आणि तिचे रूप घेऊन द्वारकेत परततो. सावित्री या अभिनेत्रीला येथे दुहेरी काम आहे. ती शशिरेखा तर आहेच, पण शशिरेखेचे सोंग घेतलेला राक्षसही आहे. लाजणे, मुरडणे, मान वेळावणे चालू असताना मध्येच घटोत्कचाची ऐट बाहेर पडते आणि ती चटकन सावरली जाते. लग्नमंडपात हीच वधू लक्ष्मणकुमाराचा पाय चिरडते. 'उपवर मुलगी' ही एक भूमिका आहे, ती राक्षसालाही वठवता येते, आणि मांडवातील एकाही वडीलधाऱ्याला फरक कळत नाही, हे प्रेक्षक हसता हसता पाहतो. ज्यांनी मुलीचे मन कधी ओळखले नाही त्यांना मुलगी बदललेलीही ओळखू येत नाही. स्त्रीत्वाच्या सामाजिक घडणीविषयी आपण चर्चासत्रांतून जे जड भाषेत मांडतो, ते या दृश्यात एका पावलाने सांगितले जाते.

४

या उदाहरणांवरून एक नियम मांडता येतो. या सुखात्मिकांतील जादू आकाशातून पलंग नेते, रिकाम्या माळावर नगर वसवते, देह बदलते. ती फक्त एका ठिकाणी थांबते, आणि ते ठिकाण म्हणजे प्रेम करणाऱ्या व्यक्तीचे मन. वाटेतील अडथळे ती दूर करते, ओढ उत्पन्न करीत नाही.

हा नियम केवळ भारतीय नव्हे. हॉलिवूडच्या 'बेल, बुक अँड कँडल' (१९५८) या चित्रपटात जेटकीण नायिका मंत्राने एका पुरुषाला वश करते. म्हणजे जादू मनाला हात घालते, आणि म्हणूनच कथा तेथे सुखाने संपू शकत नाही. मंत्र उतरवावा लागतो, प्रेमात पडलेल्या नायिकेची शक्ती जाते, आणि तो पुरुष स्वतःच्या पायांनी परत येतो तेव्हाच शेवट गोड होतो. प्रेमासाठी स्त्रीनेच सामर्थ्य गमवावे यावर आक्षेप घ्यावा, तो रास्त आहे. पण वशीकरणाचे प्रेम हे प्रेम नव्हे, हा दंडक तेथेही मोडलेला नाही. शेक्सपिअरच्या 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम'मध्ये डिमिट्रियसच्या डोळ्यांवरील रस शेवटपर्यंत उतरवला जात नाही. या जोडप्याविषयी वाचकाच्या मनात जी अस्वस्थता उरते, तीही नियमाचीच साक्ष देते.

त्स्वेतान तोदोरोव्ह यांनी १९७० मध्ये अद्भुतिकेचे लक्षण वाचकाच्या संभ्रमात शोधले : घडले ते नैसर्गिक की अतिप्राकृत, हे ठरवता न येण्यात. जेथे अतिप्राकृत मुकाट्याने स्वीकारले जाते त्या कृतींना त्यांनी शेजारचे वेगळे दालन दिले. हे वर्गीकरण होते, मूल्यनिर्णय नव्हता. आपल्याकडे ते आले तेव्हा त्याची उतरंड झाली. संभ्रम म्हणजे आधुनिक आणि प्रगल्भ, स्वीकार म्हणजे भाबडा. घटोत्कच खरा की भास, असा प्रश्न 'मायाबझार'चा प्रेक्षक विचारीत नाही. तो भाबडा आहे म्हणून नव्हे. त्याचा संभ्रम अस्तित्वाविषयी नसून न्यायाविषयी आहे. एवढे सामर्थ्य हाताशी असता ते कोठवर वापरावे, हा त्याचा प्रश्न आहे. नॉर्थ्रॉप फ्राय यांनी १९५७ मध्ये सुखात्मिकेचा जो आकृतिबंध मांडला, त्यातील वाट अडवणारा वडीलधारा बलरामाच्या रूपाने येथे हजर आहे. पण अडसर दूर करताना कोणती मर्यादा पाळायची हे तो आकृतिबंध सांगत नाही. ते या कृती सांगतात.

५

एक आक्षेप मात्र मला सहज झटकून टाकता येत नाही. या विवाहांसाठी राबतो कोण? हिडिंबेचा पुत्र, रानातला. द्वारकेच्या मांडवात त्याला पाऊल टाकायचे तर दुसऱ्याचे रूप घ्यावे लागते. अभिमन्यूचे लग्न तो लावून देतो, त्याच्या लग्नाची गोष्ट चित्रपटात कोणी काढत नाही. पुढे द्रोणपर्वात तो कर्णाच्या शक्तीने पडतो. पांडव शोक करीत असताना कृष्ण हर्षाने नाचतो, कारण अर्जुनासाठी राखलेले अस्त्र खर्ची पडलेले असते. अभिमन्यू तर त्याआधीच चक्रव्यूहात मारला गेला आहे.

चित्रपटात यातले काहीच नाही. पाच पांडवही पडद्यावर येत नाहीत. पण हे सारे प्रेक्षकाला ठाऊक असते. लग्नाचे सारे भोजन एकट्याने फस्त करून तृप्त होणारा तो अवाढव्य देह पुढे कुरुक्षेत्रावर कोसळणार आहे, आणि ज्या वराला त्याने वधू मिळवून दिली तो सोळाव्या वर्षी मरणार आहे, हे जाणूनच प्रेक्षक हसतो. भविष्य ठाऊक असलेल्या माणसाचे हे हसणे आहे. त्याला पलायन म्हणायचे तर जगण्यातील प्रत्येक लग्नघराला पलायन म्हणावे लागेल.

म्हणून समीक्षेने या कृतींना विचारायचे प्रश्न दोन आहेत. जादू कोठे थांबते? आणि तिचे मोल कोण चुकवतो? पहिल्याचे उत्तर 'सौभद्र' आणि 'मायाबझार' ठामपणे देतात : मुलीच्या मनाशी. त्यांच्या टिकून राहिलेल्या गोडीचे रहस्य मला तेथे दिसते. दुसऱ्याचे उत्तर त्या देत नाहीत, घटोत्कचाच्या हास्यामागे ते दडवून ठेवतात. ते हास्य ऐकून ज्याला आधी आनंद होतो आणि मग ओशाळल्यासारखे वाटते, त्याने कृती पुरी वाचली. ज्याला पहिलाच अनुभव येत नाही, त्याच्या निर्णयाचे वजन किती मानावे, हे वाचकांनीच ठरवावे.