होळीला घरी येणारे आईबाप

फाल्गुनी पौर्णिमा जवळ आली, की अमरावती-अकोल्याच्या घराघरांत चाकोल्यांच्या माळा ओवल्या जातात, पुरणाची डाळ निवडली जाते, मुलांच्या गळ्यात साखरेच्या गाठी पडतात. याच दिवसांत मेळघाटातील धारणी व चिखलदरा तालुक्यांच्या कोरकू वस्त्यांत मुलांचे डोळे वाटेकडे लागलेले असतात.

तेथील शेती बहुतांशी पावसाच्या भरवशावरची. खरिपाचे पीक निघाले, की पुढल्या मृगापर्यंत हाताला काम नाही. मग धडधाकट माणसे बिऱ्हाड घेऊन सपाटीवर उतरतात आणि गहू-हरभऱ्याच्या कापणीवर, वीटभट्ट्यांवर, शहरांतील बांधकामांवर राबतात. तान्हे मूल आईसोबत जाते. शाळेचे मूल आजीपाशी राहते. आजी थकलेली असली तर थोरली मुलगीच चूल पेटवते, पाणी भरते, धाकट्याला निजवते. तिची शाळा केव्हा सुटली, हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

काम गावातच मिळावे म्हणून महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला. २००५ च्या केंद्रीय कायद्याने तर पंधरा दिवसांत मजुरी देण्याचे बंधन घातले. तथापि मजुरी लांबत राहिली, आणि चूल काही थांबत नाही. रोख पैसा देणारी वीटभट्टी माणसाला जवळची वाटली, यात नवल ते काय?

कोरकूंचा सर्वांत मोठा सण होळी. कुठेही असला तरी कोरकू होळीला गावी परततो. शहरातला माणूस याला त्यांची रूढी म्हणतो. आमच्या मते, ताटातूट झालेल्या कुटुंबाने एकत्र येण्याचा तो ठरलेला दिवस आहे. (त्या दिवसांत रस्त्यावर नाचत मागितला जाणारा फगवा हा सणाचा मान आहे. त्याला भीक समजून गाडीची काच वर करणाऱ्यांनी एवढे जाणावे.)

हे परतणे मात्र पुष्कळदा मालकाच्या मर्जीवर असते. ‘हिशोब सणानंतर करू,’ एवढ्या एका वाक्यावर कुणाची तरी आई अडकून पडते. ज्यांच्या घराचे बांधकाम सध्या चालू आहे, त्या यजमानांनी पुरण शिजत घालण्यापूर्वी ठेकेदारास विचारावे, की माणसांचे पैसे चुकते झाले काय? सण सरला, की यांतली पुष्कळ बिऱ्हाडे पाऊस पडेपर्यंत पुन्हा सपाटीवर उतरतील.