सायकल-दुकानदारांवरील अन्याय्य ठपका

संपादक महाशय,


गतांकातील लेखात पेठांतील सायकल-दुकानदारांवर जो सरसकट ठपका ठेवला आहे, त्यास हे उत्तर.

‘सव्वीस’चा टायर मागितला असता दुकानदाराने जुना टायर आणण्यास फर्मावले, ही लेखकाच्या मते अडवणूक. वस्तुस्थिती अशी की, २६ हाच आकडा मिरविणाऱ्या टायरांपैकी साध्या लेडीज सायकलीचा २६ × १ ३/८ हा टायर ५९० मिलिमीटरच्या रिमवर बसतो, तर माउंटन सायकलीचा २६ × १.९५ हा ५५९ मिलिमीटरच्या. आणि ही ३१ मिलिमीटरांची तफावत कितीही कुशल कारागिरास ताणून वा ठोकून भरून काढता येत नाही. तेव्हा जुना टायर पाहिल्याखेरीज नवा न देणारा दुकानदार गिऱ्हाइकाचे नुकसानच टाळीत असतो.

ऑनलाइन मागविलेल्या सायकलीच्या जोडणीचे पैसे घेतले, ही तक्रार तर मुळीच ग्राह्य नाही. खोक्यातून अर्धवट जुळविलेली आलेली सायकल रस्त्यावर आणण्यापूर्वी चाकांचा आउट काढणे, ब्रेक व गिअरच्या केबली ताणणे, हँडल आणि पेडल योग्य जोर लावून आवळणे, ही सारी कामे करावी लागतात. त्यांत स्वाराच्या जिवाची जोखीम असून, विक्रीचा नफा अन्यत्र गेल्यावर ती जोखीम दुकानदाराने विनामोबदला का पत्करावी?

पावती न मिळाल्याची तक्रार तेवढी रास्त आहे. पावती मिळालीच पाहिजे.

टायरच्या कडेवर हे मिलिमीटरांचे आकडे बहुधा छापलेले असतात. ते वाचूनच लेखकाने पुढील आरोप करावा.

कळावे,
आपला,
एक सायकलस्वार,
सदाशिव पेठ, पुणे