कात्री की गोळी?

सिकलसेलवर ‘कायमचा इलाज’ निघाल्याची बातमी या आठवड्यात पुन्हा मोबाइलवर फिरली. गोंदिया जिल्ह्यातल्या कोहमाऱ्याच्या चौकात एका बापानं विचारलं, “नागपूरले भेटते का जी हे?” त्याची पोरगी एसएस आहे, म्हणजे आई-बाप दोघांकडून सिकलचं जनुक आलेली. अशी बातमी किमतीशिवाय छापणाऱ्यांचा मला राग येतो.

उपचार खरा आहे. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेनं ‘कॅस्जेवी’ला मान्यता दिली. रुग्णाच्या मूळ पेशी काढायच्या, त्यांच्यातलं बीसीएल११ए जनुकाचं बटण कापायचं, जड केमोथेरपी देऊन त्या परत सोडायच्या. मग जन्मानंतर मावळलेलं गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा तयार होतं आणि रक्तपेशी विळ्यासारख्या वाकत नाहीत. किंमत २२ लाख डॉलर. त्या बापाला मी दुसरं काय सांगणार?

२०२४ मध्ये नोव्हार्टिसच्या शास्त्रज्ञांनी ‘सायन्स’मध्ये मांडलेल्या दुसऱ्या वाटेची चर्चा मात्र कुणी करत नाही. ती वाट तिसऱ्या गुणसूत्रावरच्या सीआरबीएन जनुकातून जाते. त्यातून सेरेब्लॉन हे प्रथिन बनतं. नको असलेल्या प्रथिनांवर युबिक्विटिनची खूण लावणाऱ्या विकराचा तो एक भाग. कोणावर खूण लावायची, हे तो ठरवतो. आपल्याकडे तोडायच्या झाडावर वनखात्याची माणसं आधी हातोड्याचा ठसा मारतात, तसंच. ठसा लागला की पेशीतलं प्रोटिआसोम ते प्रथिन तोडून टाकतं. या शास्त्रज्ञांनी असा रेणू घडवला की सेरेब्लॉन ‘विझ’ नावाच्या प्रथिनाला धरतं. गर्भातलं हिमोग्लोबिन दाबून ठेवणाऱ्यांत हे विझ आहे. ते तुटलं की तेच हिमोग्लोबिन वाढतं. माकडांना औषध तोंडावाटे दिलं, तिथंही हे दिसलं.

दोन्ही वाटा पोचतात एकाच ठिकाणी. पण एकीला मोठं रुग्णालय आणि केमोथेरपी लागते, दुसरीची गोळी आरोग्य केंद्रातून घरी नेता येईल. जनुकाला हात न लावता, शरीराचीच मोडतोड यंत्रणा वापरून.

धोका आहेच, आणि तो मोठा आहे. थॅलिडोमाइडही सेरेब्लॉनलाच चिकटतं, हे जपानी शास्त्रज्ञांनी २०१० मध्ये दाखवलं. १९५७ ते १९६१ या काळात गर्भवतींनी घेतलेल्या त्या औषधामुळं हजारो बाळं हातापायांच्या व्यंगांसह जन्मली. म्हणून नव्या रेणूची गर्भावरची तपासणी कठोरच हवी.

माझं जुनंच म्हणणं पुन्हा मांडतो: कोणत्या आजारावर कोणतं औषध निघेल, हे रुग्णाच्या वेदनेवर नाही, खिशावर ठरतं. त्यात भारतीय रुग्णांचा सिकलसेल सौम्य असतो, असं पुस्तकं सांगत आली. नागपूरच्या बालरोग वॉर्डांत विदर्भातल्या मुलांचं वेगळंच चित्र दिसलं. अशा गोळ्यांच्या मानवी चाचण्या सुरुवातीच्या टप्प्यात आहेत, तोवरच सरकारनं विदर्भातले रुग्ण त्यांत घेण्याचा आग्रह धरावा. आणि २०४७ पर्यंत सिकलसेल संपवायचं म्हणणाऱ्या मोहिमेनं तपासणीच्या कार्डांसोबत हायड्रॉक्सियुरिया हे सिकलसेलवरचं जुनं औषधही प्रत्येक आरोग्य केंद्रात ठेवावं, बारा महिने.