रातपाळीचा हिशोब कुणी ठेवायचा?

डेस्कवर होतो तेव्हा बारा वर्षं रात्री दोनला घरी येऊन जेवायचो. त्याचा बोनस म्हणजे सुटलेलं पोट आणि चाळिशीत लागलेली शुगर. तेव्हा वाटायचं, आपणच पथ्य पाळत नाही.

मग वाचत गेलो. आपल्या जवळपास प्रत्येक पेशीत एक घड्याळ असतं आणि ते काही जनुकं चालवतात. ही यंत्रणा उलगडणाऱ्या हॉल, रोसबॅश आणि यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं. जठरामागे दडलेल्या स्वादुपिंडातही हे घड्याळ आहे. प्रयोगात उंदरांच्या स्वादुपिंडातलं घड्याळ बंद पाडलं, तर त्यांना मधुमेह झाला. स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या गाठी तपासल्या, तर यातली अनेक जनुकं मंदावलेली दिसली. प्रयोगशाळेत 'बीमॅल-१' हे जनुक दाबलं, तर कॅन्सरपेशी जास्त वाढल्या.

म्हणजे रातपाळी केली की हा कॅन्सर होतोच का? नाही. असं सिद्ध झालेलं नाही, उगाच घाबरू नका. तंबाखू, लठ्ठपणा, जुना मधुमेह ही त्याची माहीत असलेली कारणं. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये रातपाळीला 'बहुधा कॅन्सरकारक' या गटात टाकलंय. त्यात मुख्यतः स्तन, प्रोस्टेट आणि आतड्याच्या कॅन्सरचा विचार आहे. डेन्मार्कमध्ये वर्षानुवर्षं रातपाळी करून स्तनाचा कॅन्सर झालेल्या काही महिलांना भरपाईही मिळाली.

आता आपल्याकडे बघा. हंगामात साखर कारखाना तीन पाळ्यांत चालतो. एमआयडीसी, सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर, एसटीचे ड्रायव्हर-कंडक्टर, सगळे रात्री जागे. आणि ज्याला कुणी रातपाळी म्हणतच नाही तो शेतकरी! लाईट रात्रीची, म्हणून पाणी द्यायला रात्रीच जायचं. साप आणि बिबट्या यांच्या बातम्या आम्ही छापतो. मोडलेल्या झोपेची बातमी कधीच होत नाही. दिवसा वीज देण्यासाठी सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये आली, तरी अनेक शिवारांत मोटर अजून रात्रीच सुरू होते.

माझं म्हणणं साधं आहे. कुणी किती वर्षं रातपाळी केली याची नोंद कामाच्या ठिकाणी ठेवा. अशा कामगारांची शुगर आणि वजन दरवर्षी फुकट तपासा. दिवस संपून रात्र आणि रात्र संपून लगेच दिवस अशा पाळ्या लावू नका, मध्ये पुरेशी विश्रांती द्या. आणि शेतीला दिवसा वीज हा आरोग्याचाही प्रश्न आहे, हे ग्रामसभेत बोला.

रात्रपाळीचा भत्ता पगारपत्रकावर दिसतो. शरीरातून जी कपात होते ती कुठल्याच कागदावर येत नाही.

तुमच्या घरात कोण रात्री जागतंय, किती वर्षं? लिहा. आकडे जमले तर पुढची बातमी त्याचीच करू.