चिपच्या पोटातील परावलंबन

शाळेच्या आवारात वा मंदिराच्या प्रवेशद्वारावर बसविलेला छोटा कॅमेरा दूरवर चित्रण पाठवितो, तेव्हा त्यामागचे कष्ट कोणाच्या ध्यानी येत नाहीत. १९२० बाय १०८० बिंदूंची ३० चित्रे दर सेकंदाला टिपायची, म्हणजे सहा कोटींहून अधिक बिंदूंचा हिशेब ठेवायचा. हा पसारा आटोपशीर करण्यासाठी तळहातावर मावणाऱ्या संगणकाच्या चिपमध्ये अनेकदा स्वतंत्र व्हिडिओ एन्कोडर बसविलेला असतो.

त्याची कार्यपद्धती उद्बोधक आहे. २००३ साली प्रमाणित झालेल्या एच.२६४ पद्धतीत चित्राचे १६ बाय १६ बिंदूंचे चौकोन पाडले जातात. तसाच चौकोन आधीच्या चित्रात कोठे होता, हे एक विद्युतमंडल शोधते. दुसरे उरलेल्या फरकाचे गणिती रूपांतर करते, तिसरे डोळ्यांना फारसा न जाणवणारा तपशील गाळते आणि चौथे उरलेले आकडे मोजक्या बिटांत बांधते. एका चौकोनाचे रूपांतर चालू असतानाच पुढच्याचा शोध सुरू झालेला असतो. त्यामुळे मुख्य प्रोसेसर मोकळा राहतो आणि वीजही वाचते.

परंतु या मंडलांची किल्ली कोणाच्या हाती? २०१२ साली ब्रिटनमध्ये अवतरलेल्या रास्पबेरी पाय या स्वस्त संगणकाने जगभरच्या विद्यार्थ्यांना वेड लावले. त्यातील ब्रॉडकॉमच्या चिपमधला एन्कोडर मात्र बंदिस्त फर्मवेअरच्या आज्ञेत राहिला. २०१४ साली त्रिमिती चित्रविभागाची कागदपत्रे खुली झाली, तरी एन्कोडरचे दार उघडले नाही. पुढे २०२३ च्या पाचव्या आवृत्तीतून तो वगळण्यातच आला आणि ते काम मुख्य प्रोसेसरवर पडले. निर्णय निर्मात्याचा, जुळवून घेणे मात्र वापरणाऱ्याच्या वाट्याला! ज्याचे ज्ञान परक्याच्या कुलपात, त्याची योजनाही परक्याच्या मर्जीवर, हाच याचा बोध.

भारतात बुद्धीची वाण नाही. परदेशी कंपन्यांच्या चिपचे आराखडे बंगळुरू, हैदराबाद, पुण्यात बसून भारतीय अभियंतेच सिद्ध करतात. मद्रास आयआयटीचा ‘शक्ती’ आणि सी-डॅकचा ‘वेगा’ हे स्वदेशी प्रोसेसर अभिमानास्पद आहेत. तथापि प्रोसेसर हाती आला म्हणजे एन्कोडर आलाच, असे नव्हे. २०२१ साली ७६ हजार कोटी रुपयांची सेमीकंडक्टर योजना जाहीर झाली. तिचे यश केवळ उभ्या राहिलेल्या कारखान्यांवरून मोजून चालणार नाही. वेष्टनावरील ‘भारतात निर्मित’ ही अक्षरे सुखावतात खरी, पण आतील मंडलांचे ज्ञान भारतीयांच्या स्वाधीन होईल, तेव्हाच स्वदेशीचे व्रत पूर्णत्वास जाईल.