देखावा कुणाचा, बुलडोझर कुणावर?

मलहॉलंड ड्राइव्ह हे नाव आपल्यापैकी अनेकांना डेव्हिड लिंचच्या २००१ च्या सिनेमामुळे माहीत आहे. लॉस एंजेलिस शहराच्या कडेला सँटा मोनिका डोंगररांग आहे. तिच्या माथ्यावरून जाणारा हा वळणावळणाचा रस्ता १९२४ साली खुला झाला. डोंगरातल्या जमिनी विकून पैसा करू पाहणारे लोक त्यामागे होते. रस्त्याला नाव दिले विल्यम मलहॉलंडचे. या अभियंत्याने १९१३ साली दूरच्या ओवेन्स खोऱ्याचे पाणी कालव्याने शहरात आणले. त्या खोऱ्यातल्या मूळ पायूट लोकांच्या वाट्याला काय आले, हे पर्यटकांच्या फलकावर सहसा लिहिलेले नसते.

आज या रस्त्याला कायद्याचे कवच आहे. रस्त्यावरून दिसणारा देखावा बिघडू नये म्हणून लॉस एंजेलिस महापालिकेने १९९२ साली खास आराखडा केला. बांधकामाची उंची, डोंगराचे खोदकाम, सगळ्यावर बंधने आली. डोंगर वाचलाच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. प्रश्न असा की, ज्या शहराला देखावा इतका मोलाचा वाटतो, त्या शहराने माणसांच्या वस्त्यांचे काय केले?

त्याच शहरात शुगर हिल नावाची वसाहत होती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लॉस एंजेलिसच्या अनेक वसाहतींच्या खरेदीखतांतच अट असे : घर गोऱ्यांशिवाय कुणाला विकायचे नाही. तरीही काही कृष्णवर्णीय कुटुंबांनी शुगर हिलमध्ये मोठी घरे घेतली. 'गॉन विथ द विंड'मधल्या भूमिकेसाठी ऑस्कर मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय अभिनेत्री हॅटी मॅकडॅनियल त्यांच्यातलीच. गोरे शेजारी कोर्टात गेले. वकील लॉरेन मिलर यांनी कृष्णवर्णीय रहिवाशांची बाजू लढवली आणि १९४५ साली खटला जिंकला. १९४८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही अशा अटी कोर्टांनी अमलात आणू नयेत असा निकाल दिला.

मग काय झाले? १९५६ च्या कायद्याने महामार्गांसाठी केंद्राचा प्रचंड पैसा आला. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला सँटा मोनिका फ्रीवे थेट शुगर हिलच्या मधून काढला गेला. विरोध झाला, पण रेषा हलली नाही. शहराच्या पूर्वेला बॉइल हाइट्स या मेक्सिकन वंशाच्या कष्टकऱ्यांच्या वस्तीतून तर एक नव्हे, अनेक फ्रीवे गेले. आणि मलहॉलंडच्या डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या बेव्हर्ली हिल्समधूनही एक फ्रीवे नकाशावर आखलेला होता. तिथल्या श्रीमंतांनी विरोध केला आणि १९७० च्या दशकात तो रद्द झाला.

इथे कुणी म्हणेल, यात वर्ण कुठे आला? रस्ता जिथे जमीन स्वस्त तिथून जातो, हा साधा हिशोब आहे. पण शुगर हिल झोपडपट्टी नव्हती. तिथे बंगले होते, डॉक्टर होते, व्यावसायिक होते, ऑस्कर मिळवलेली अभिनेत्री राहून गेली होती. पैसा होता, शिक्षण होते, कोर्टाचा निकालही हातात होता. नव्हती ती एकच गोष्ट : नकाशावर रेषा ओढणाऱ्या टेबलावरची खुर्ची.

मित्रहो, आपल्यासाठी धडा इथे आहे. आपल्यातला शिकलेला वर्ग म्हणतो, फ्लॅट घेतला, गाडी घेतली, आता जात संपली. वंश आणि जात एक नाहीत, हे बाबासाहेबांनी स्पष्ट मांडले होते. तरीही १९४६ साली त्यांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिचे नाव कॅलिफोर्नियातल्याच ओकलंडच्या ब्लॅक पँथरवरून घेतलेले. वस्ती कुठे असावी हे दुसऱ्याने ठरवणे म्हणजे काय, हे गावकुसाबाहेर ठेवलेल्या समाजाला वेगळे शिकवावे लागत नाही. म्हणूनच बाबासाहेब शिक्षणावर थांबले नाहीत. शासनकर्ती जमात व्हा, असे ते सांगत राहिले.

आपल्याकडचा नियम बघा. १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्याखाली अधिसूचना निघाली की हरकतीसाठी २१ दिवस मिळतात, तेही जमिनीत हितसंबंध असलेल्याला. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या भूमिहीनाने काय करायचे? २०१३ च्या भूसंपादन कायद्यात सामाजिक परिणाम तपासण्याचा टप्पा आहे, पण राष्ट्रीय महामार्गांच्या भूसंपादनाला तो लागू नाही. म्हणजे रेषेखाली किती घरे मोडतात, किती मजुरांचे काम जाते, हे आधी मोजण्याची सक्तीच नाही.

तेव्हा मोबदल्याचा दर वाढवा एवढीच मागणी करून चालणार नाही. तो लढा रेषा ओढून झाल्यावरचा आहे. आपल्या तालुक्यात मोजणीचे दगड पडण्याआधी आराखडा मागवा. त्यावर आपल्या वस्त्या, समाजमंदिरे, स्मशानभूमी, कसत असलेली गायराने स्वतः खुणा करून दाखवा. भूमिहीनांची यादी आपणच तयार करा. महामार्गांनाही सामाजिक परिणामांची तपासणी लागू करा, ही मागणी घेऊन आमदार-खासदारांच्या दारात जा. आणि आपल्या शिकलेल्या पोरापोरींनी नगररचना, अभियांत्रिकी, भूमापन या खात्यांत शिरले पाहिजे, समाजाचे भान घेऊन शिरले पाहिजे.

बेव्हर्ली हिल्सवाल्यांनी फ्रीवे अडवला तो विरोध करून, पण त्यांचे म्हणणे ऐकणे सत्तेला भाग होते. आपले म्हणणे ऐकणे सत्तेला भाग पडेल इतके आपण संघटित आहोत का?

जयभीम!