तबकडी, अंक आणि कान

आमच्या एका वाचकभगिनींनीं पत्र लिहून असें विचारलें आहे कीं, "घरांत सासऱ्यांच्या वेळच्या साठसत्तर लाँग-प्ले ध्वनिमुद्रिका आहेत. त्यांच्या तोडीचा आवाज देईल असें डिजिटल यंत्र घ्यावयाचें तर कोणतें घ्यावें? मुलगा म्हणतो, फोन आहे तेवढा पुरे. हे म्हणतात, तबकडीची सर कशालाच येणार नाहीं. खरें कोणाचें मानावें?" हा प्रश्न गतवर्षीं आमच्याही घरांत उपस्थित झाला होता. म्हणून त्याचें उत्तर नुसतें पुस्तकी न देतां अनुभवासह देणें आम्हांस बरें वाटतें.

आमच्या मातोश्रींना आतां एक्याऐशींवें वर्ष चालूं आहे. तीर्थरूपांनीं हौसेनें जमविलेल्या ध्वनिमुद्रिका त्यांच्या पश्चात् मातोश्रींनींच जिवापाड जपल्या. सायंकाळीं देवापुढें दिवा लावून झाला कीं एक तबकडी लावावयाची, हा त्यांचा नेम. गतवर्षीं पावसाळ्यांत त्यांचा उजवा हात कांपूं लागला. एके दिवशीं सुई ठेवतांना हात हुकला आणि तीर्थरूपांनीं संसाराच्या पहिल्या वर्षीं आणलेली मारव्याची तबकडी कडेपासून मध्यापर्यंत ओरखडली गेली. मातोश्री कांहीं बोलल्या नाहींत. त्यांनीं यंत्राचें झांकण लावलें, तें पुढें तीन महिने उघडलें नाहीं. "मी लावून देतों," असें आम्हीं म्हटलें, तर "राहूं दे, तुला कामें आहेत," एवढेंच उत्तर मिळे. घर मुकें झालें होतें.

तेव्हां आम्हीं घाईघाईनें एक डिजिटल प्लेअर आणला, त्याच मारव्याची बाजारांत मिळणारी नवी प्रत त्यांत भरली आणि मोठ्या उत्साहानें मातोश्रींना ऐकविली. त्यांनीं पांच मिनिटें ऐकून घेतलें व म्हणाल्या, "गाणें तेंच आहे रे, पण तंबोरा कुठें गेला?" पैसे पाण्यांत गेले असें समजून आम्ही खिन्न झालों, परंतु दोष कोणाचा, याचा शोध केल्यावांचून यंत्र परत करावयाचें नाहीं, असें ठरविलें. त्या शोधांत जें हातीं लागलें तें येथें सांगतों.

प्रथम तबकडीचा विचार करूं. लाँग-प्ले तबकडी 1948 सालीं अमेरिकेंत कोलंबिया कंपनीनें बाजारांत आणली. तत्पूर्वींच्या लाखेच्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारें तीन मिनिटें मावत. नवीवर वीसबावीस मिनिटें मावूं लागलीं आणि रागाला विस्तारास जागा मिळाली. तिच्या खांचेंत आवाजाचे हेलकावे प्रत्यक्ष कोरलेले असतात. परंतु ते जसेच्या तसे कोरलेले असतात, हा समज मात्र चुकीचा आहे. खर्जाचे हेलकावे इतके रुंद असतात कीं खांचा एकमेकींत शिरतील. म्हणून कोरतांना खर्ज कमी करतात व टीप वाढवितात, आणि वाजवितांना अँप्लिफायर तें गणित उलटवितो. शिवाय तबकडी मिनिटाला सव्वातेहतीस फेऱ्यांहून किंचित् अधिक अशा एकाच गतीनें फिरते. त्यामुळें कडेला सुईखालून सेकंदाला सुमारें 50 सेंटिमीटर खांच सरकते, तर मध्याजवळ जेमतेम 21. तेवढ्याच गाण्याला निम्म्याहून कमी जागा! म्हणून बाजू संपत आली म्हणजे आवाज किंचित् चरचरूं लागतो. आणि प्रत्येक वेळीं सुई खांचेला थोडी झिजविते, हें वेगळेंच. तबकडीचा गोडवा खोटा आहे असें आम्ही म्हणत नाहीं. पण तो निर्दोषपणाचा गोडवा नव्हे.

आतां अंकांकडे वळूं. 1982 सालीं सीडी आली. तींत आवाजाच्या हेलकाव्याची उंची सेकंदाला 44,100 वेळां मोजून ठेवलेली असते आणि प्रत्येक मापास 65,536 पायऱ्यांची मोजपट्टी असते. येथें पुष्कळ लोक म्हणतात कीं, मापांच्या मधला आवाज हरवतो, म्हणून अंकांचा आवाज तुटक. आमचीही समजूत तशीच होती. परंतु ठिपक्यांच्या रांगोळीचें उदाहरण घ्या. ठिपके कितीही असले तरी ते जोडणाऱ्या रेषा वाटेल तशा काढतां येतात, हें खरें. पण रेषेनें अमुक मर्यादेहून अधिक वेड्यावांकड्या वळणांनीं जावयाचें नाहीं असा नियम घातला, तर सर्व ठिपक्यांतून जाणारी रेषा एकच उरते. आवाजाचें तसेंच आहे. सेकंदाला 22,050 कंपनांखालील कोणताही स्वर त्या मापांवरून अखंड व गुळगुळीत परत मिळतो. आणि माणसाच्या कानाची सीमा तरुणपणींही सुमारें 20,000 कंपनांचीच. वयाबरोबर ती खालीं येते. साठी ओलांडलेल्या गृहस्थांनीं अतिसूक्ष्म टिपेवरून वाद घालावा, यांत कांहीं मौज नाहीं.

मग तंबोरा गेला कोठें? उत्तर असें कीं, तो यंत्रांत हरवला नव्हता. प्रत काढणारानेंच तो पुसून टाकला होता. जुन्या मुद्रणांतील खरखर काढतांना तिच्याबरोबर तंबोऱ्याची जवारीही गेली होती. शिवाय आवाज सर्वत्र सारखा मोठा करून ठेवल्यामुळें गवयाचा हलका स्वर व खुला स्वर यांतील अंतर नाहींसें झालें होतें. अलीकडील कित्येक नव्या प्रतींचा हाच दोष आहे, आणि त्याचें खापर बिचाऱ्या अंकांच्या माथीं फुटतें.

तेव्हां आमच्या चिरंजीवांनीं वेगळाच मार्ग काढला. त्यांनीं घरच्याच तबकडीचा आवाज तिच्याच सुईनें उचलून अंकांत उतरवून घेतला. त्यांत ओरखड्याची टकटकही उतरली. तबकडीची एक फेरी 1.8 सेकंदांत पुरी होते, म्हणून दर 1.8 सेकंदाला एक ठोका; बावीस मिनिटांच्या बाजूंत सातशेंहून अधिक! चिरंजीवांनीं आठ रात्री बसून ते एकेक वेंचून काढले. खरखरीला मात्र हात लावला नाहीं.

मग परीक्षा घेतली. त्याआधीं न ओरखडलेली दुसरी एक तबकडी अशीच उतरवून घेतली होती. खरी तबकडी आणि तिची अंकांतील प्रत, दोहोंचा आवाज मोजून अगदीं सारखा केला. कारण जें किंचित् मोठें वाजतें तेंच कानास अधिक चांगलें वाटतें, आणि दुकानांतील बहुतेक फसगत याच वाटेनें होते. चिरंजीव पडद्यामागें बसले. मातोश्रींनीं दहा वेळां सांगितलें. सहा वेळां बरोबर, चार वेळां चूक. आमचीं स्वतःचीं पांच बरोबर, पांच चूक. नाणें उडवूनही एवढें साधतें. तात्पर्य, तबकडीचा म्हणून जो आवाज आपणांस प्रिय आहे, तो अंकांच्या भांड्यांत सबंध मावतो. भांडें लहान नाहीं. त्यांत ओतणारा कसा आहे, एवढेंच पाहावयाचें.

आतां खरेदीविषयीं. पहिली गोष्ट, निम्म्याहून अधिक पैसा स्पीकरांवर खर्च करावा. अंकांचें आवाजांत रूपांतर करणारा डॅक हल्लीं माफक किंमतीच्या यंत्रांतही कानास पुरेल असा असतो. दोन स्पीकरांमध्यें मात्र जमीन-अस्मानाचें अंतर पडतें. ते भिंतीला चिकटवूं नयेत, व रिकाम्या खोलींत सतरंजी आणि पडदा अवश्य असावा. दुसरी गोष्ट, गाणीं फ्लॅक या पद्धतींत सांठवावीं. 2001 सालीं निघालेल्या या पद्धतींत एकही अंक गळत नाहीं व जागाही पुष्कळ वांचते. एमपी३ पद्धतींत अंक टाकून दिले जातात. 320 किलोबिटांच्या प्रतींत हें बहुतेकांस कळत नाहीं, 128 च्या प्रतींत तंबोरा व झांज यांवरून पुष्कळदां कळतें. सेकंदाला 192,000 मापांच्या जाहिरातींस भुलूं नये. तेवढीं मापें ऐकणाराच्या कानास नकोत. तिसरी गोष्ट, यंत्र जें वापरणार त्याच्या हातांत तें देऊन पाहावें. मोठी, चाचपून कळणारी कळ हवी; फोनवांचून अडणारें यंत्र वृद्धांच्या उपयोगाचें नाहीं. आणि चौथी गोष्ट, उतरविलेल्या गाण्यांच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या ठिकाणीं ठेवाव्या, व तबकड्या मोडींत मुळींच घालूं नयेत. उद्यां याहून चांगली सुई मिळाली, तर पुन्हां त्याच उपयोगी पडतील.

म्हणजे वाचकभगिनींचे चिरंजीव व यजमान, दोघेही अर्धे बरोबर आहेत. फोन पुरेल, पण त्याच्या पोटांतील स्पीकर पुरणार नाहीं. तबकडीला तोड आहे. पण ती तोड बाजारांतील वाटेल त्या प्रतींत सांपडेल असें नाहीं.

आमच्या घरचें सांगावयाचें तर, आम्हीं पहिलाच प्लेअर ठेवला, फक्त त्याला मोठ्या कळेचा जोड घेतला आणि स्पीकर बदलले. पहिल्या दिवशीं मातोश्रींनीं दिवा लावला, कळ स्वतःच दाबली आणि मारवा सुरूं झाला. त्यांनीं तंबोऱ्याविषयीं कांहीं विचारलें नाहीं. बावीस मिनिटें झालीं. पहिल्या बाजूचा शेवटचा स्वर विरला न विरला तोंच पुढची बाजू आपोआप लागली. मातोश्री मात्र संवयीनें बाजू पालटावयास उठून अर्ध्या वाटेवर गेल्या होत्या. तेथेंच क्षणभर उभ्या राहिल्या, आणि मग चिरंजीवांस म्हणाल्या, "अरे, मध्यें थोडी जागा सोडतां येईल का? तेवढ्यांत हे विचारीत असत, कसें वाटलें म्हणून."

चिरंजीवांनीं त्या ठिकाणीं एक मिनिटाची शांतता भरून ठेवली आहे. यंत्र घेणारांनीं कोणत्याही दुकानांत न मिळणारी ही सोय आपल्या घरीं पाहून घ्यावी, एवढेंच आमचें सांगणें.